दस्तगीरभाईंचं शेवटचं मशीन

दस्तगीरभाई मुल्लाणी एखाद्या कॉम्प्युटरला शिव्या देत असले, तर काळजीचं कारण नसायचं. "ऊठ की भावा, सासरी जायाचं हाय तुला," असं म्हणत ते कॅबिनेट थोपटत असले, तरी ठीक. पण ते गप्प झाले, चष्मा कपाळावर सरकवून नुसते मशीनकडं बघत बसले, की शेजारच्या गाळ्यात माझं काम थांबायचं. समोरचा चहावाला रेडिओ बारीक करायचा. आमच्या शिवाजी पेठेत माणसं फोनवर अशा आवाजात बोलतात, की मध्ये फोन कशाला हवा असा प्रश्न पडावा. तिथं एवढी शांतता पसरली, की आता कुठल्यातरी घरातून वाईट बातमी येणार असं वाटायचं.

अशी शांतता मी बारा वर्षांत दोनदाच ऐकली. दुसऱ्या वेळेला बातमी खरोखर आली.

माझा धंदा लग्नपत्रिका छापायचा. आमच्या दोन गाळ्यांमध्ये प्लायवूडची एकच भिंत. त्यामुळे भाईंचं आयुष्य मी बरंचसं ऐकलेलं आहे, थोडंफार समोर बसून पाहिलेलं आहे, आणि उरलेलं, आता लपवत नाही, भिंतीच्या भोकातून पाहिलेलं आहे. भोक आधीपासूनच होतं. मी ते फक्त जरा मोठं केलं.

साठी ओलांडलेला माणूस. अंगकाठी उदबत्तीसारखी. पांढरा शर्ट, आणि मे महिन्यातसुद्धा बाह्यांची बटणं लावलेली. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांचं डोळ्यात बसवायचं भिंग भाईंकडं आलं होतं, आणि त्यांचा स्वभावही. गिऱ्हाईक आलं की संवाद ठरलेला असायचा.

"चाचा, मशीन कधी मिळंल?"

"तयार झालं की."

"तयार कधी हुईल?"

"तुमी दुकानातनं गेलासा की."

नवीन कॉम्प्युटर जोडताना एक वेळ अशी यायची, की ते पंखा बंद करायचे, शटर अर्धं खाली ओढायचे आणि बोलणाऱ्याला बाहेर काढायचे. ती प्रोसेसर बसवायची वेळ. प्रोसेसर म्हणजे मशीनचा मेंदू, बिस्किटाएवढी चौकोनी चकती. ती ज्या खोबणीत बसते, तिच्या तळाला केसासारख्या बारीक सोनेरी पिना उभ्या असतात, शेकड्यांनी. चकती वरून अलगद, सरळ ठेवायची. जरा घसरली, की पीन वाकली. मग वरून धातूचं झाकण लावून खटका दाबायचा, आणि आत काय झालंय ते कुणालाच दिसत नाही.

"वाकल्याली पीन लगीच बोलत न्हाय," भाई सांगायचे. "आज बोलंल, महिन्यानं बोलंल, न्हायतर बोलणारच न्हाय. पर ती आत असती."

हे ते अशा आवाजात सांगायचे, की पत्रिकेचे नमुने बघायला आलेली माझी पावणेमंडळी भिंतीपलीकडून ऐकून उगाचच आपल्या पायांखाली बघायची.

पहिली शांतता एका शाळेच्या क्लार्कबाईंमुळे पसरली होती. त्यांच्या कॉम्प्युटरमधले सगळ्या वर्गांचे निकाल गेले होते. आधी ज्याच्याकडं मशीन दुरुस्तीला दिलं होतं, त्यानं शाळेत सांगून टाकलं होतं की बाईंनी मशीन नीट बंद केलं नाही म्हणून डिस्क जळाली. बाईंची नोकरी जायची वेळ आली होती. भाईंनी मशीन उघडलं आणि गप्प झाले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "वायर उलटी रेटून घातलीया. बाई काय करणार ह्याला?"

ते उठले, जळकी डिस्क रुमालात गुंडाळली, बाईंना बरोबर घेतलं आणि त्या मेकॅनिकच्या दुकानात जाऊन उभे राहिले. मी पाठोपाठ गेलो होतो, हे सांगायला नकोच.

"चूक झाली म्हण. हिच्यासमोर म्हण."

"येवढ्यासाठी आलासा व्हय चाचा?"

"येवढ्यासाठीच."

तो हसला, चिडला, गिऱ्हाइकं आहेत म्हणाला, पोलिसात जाईन म्हणाला. भाई दारातून हलले नाहीत. शेवटी त्यानं म्हटलं, आणि शाळेला तसं लिहूनही दिलं. परत आल्यावर भाई आमच्या दोन गाळ्यांसमोर उभे राहून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले, "माझ्या हातनं मशीन बिघडलं तर मी सांगीन. आणि ज्या दिवशी सांगीन, त्या दिवशी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवीन."

माणूस भरात येऊन असं काही बोलतो आणि विसरतो. पण ते तो शिवाजी पेठेत बोलला असेल, तर पेठ विसरत नाही.

पुढची आठदहा वर्षं काही घडलं नाही. मग मागच्या वर्षी बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. भाई चहा अर्धाच ग्लास मागवायला लागले. म्हणाले, साखर वाढलीया. गिऱ्हाइकाला द्यायच्या चिठ्ठ्या माझ्याकडून लिहून घ्यायला लागले. "तुझं अक्षर चांगलं हाय," म्हणाले. माझं अक्षर! पत्रिकेचा मजकूर मी लिहून घेतो तेव्हा नवऱ्या मुलाचं नाव मला स्वतःला नंतर लागत नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. स्कूटर त्यांनी विकून टाकली. म्हणाले, गुडघा दुखतोय. आणि उजवा हात कायम पँटच्या खिशात.

एके दिवशी दुपारी मी भोकाला डोळा लावला. भाई एकटेच होते. उजवा हात टेबलावर पडला होता, आणि अंगठा नि बोट आपोआप हलत होती, न दिसणारा मणी ओढत असल्यासारखी. भाई त्या हाताकडं परक्याच्या हाताकडं बघावं तसं बघत होते. मग डावा हात आला आणि त्यानं उजव्याला टेबलावर दाबून धरलं. बराच वेळ.

त्या दिवसापासून मी भोकावर एक कॅलेंडर लावलं.

त्यामुळे सुतारांचं मशीन जोडलं गेलं, ते मी पाहिलं नाही, ऐकलं. दसऱ्याच्या आधीचे दिवस. पलीकडं पंखा बंद झाला, शटर अर्धं खाली आलं. मग एक बारीक आवाज आला. नखावर टिचकी मारावी एवढाच. आणि त्यामागून ती शांतता. मी शाईचे हात तसेच धरून उभा राहिलो. चहावाल्यानं मान वळवून आमच्या गाळ्यांकडं पाहिलं.

थोड्या वेळानं मशीन सुरू झाल्याचा आवाज आला, पडद्यावर अक्षरं उमटली असावीत, कारण भाई मोठ्यानं म्हणाले, "चालतंय की!" कुणी विचारलं नव्हतं.

आता हे सुतार कोण, ते सांगतो. शिरोली एमआयडीसीत त्यांचं वर्कशॉप आहे. फौंड्रीत वाळूत ठसा उठवून त्यात लोखंडाचा रस ओततात, त्या ठशासाठी लाकडाचा नमुना लागतो. त्याला पॅटर्न म्हणतात, आणि सुतार ते बनवतात. धंदा उदय बघतो. त्याची बायको मेघा इंजिनियर. ड्रॉइंग बाहेरून करून आणण्यापेक्षा मी इथंच करते, असं तिनं घरात मोठ्या कष्टानं गळी उतरवलं होतं, आणि तिच्यासाठी हे दांडगं मशीन बांधायला दिलं होतं. तिची सासू म्हणजे आक्का. आक्कांच्या मनात ते नव्हतं. मेघा लग्न होऊन आली आणि चार महिन्यांत सासरे गेले. मग वर्कशॉपातल्या करवतीची मोटर जळाली. आक्कांनी तेव्हापासून सुनेच्या पावलाचा हिशेब सुरू केला होता. शेवटी त्या एका अटीवर तयार झाल्या. मशीन कोरं आणायचं, खंडेनवमीला हत्यारांबरोबर पुजायचं, आणि मग त्यात काय घालायचं ते घालायचं.

म्हणून भाईंच्या दुकानातून पहिल्यांदाच एक मशीन विंडोज न टाकता बाहेर पडलं. खंडेनवमीला मीच त्यांना माझ्या स्कूटरवरून शिरोलीला घेऊन गेलो. प्रसाद असणार हेही कारण होतं, नाही म्हणत नाही.

धुऊन पुसून ठेवलेल्या पटाश्या, रंधे, करवती, सगळ्यांना झेंडू. मधोमध पाटावर कॉम्प्युटर, एका बाजूचं झाकण काढून आडवा ठेवलेला. मेघा ताट घेऊन आली. तिनं कॅबिनेटच्या पत्र्याला हळदकुंकू लावलं.

"अगं आत लाव की," आक्का म्हणाल्या. "पत्र्याची पूजा कराय आणलंय व्हय?"

भाई खाकरले. मी त्यांच्याकडं पाहिलं. पण पूजा चाललीय, मध्ये कसं बोलायचं, म्हणून थांबले. मेघानं चिमूट आत नेली, आणि कुंकू बोटातून निसटून मशीनच्या पोटात सांडलं.

आरती झाली. भाईंनी फुंकर मारून, ब्रशनं झाडून जमेल तेवढं कुंकू काढलं, पेनड्राइव्ह लावला आणि विंडोज टाकायला सुरुवात केली. सगळे पेढे हातात धरून पडद्यावरच्या आकड्याकडं बघत होते. तेवीस टक्क्यांवर थांबलं. चूक आली, पुन्हा सुरुवात करा. पुन्हा केली. एकसष्टला थांबलं. तिसऱ्यांदा सगळा पडदा निळा झाला. भाईंनी पेनड्राइव्ह बदलला, डिस्क बदलली, केबल काढून पुन्हा लावली. आता नवाला थांबलं. दर वेळेला वेगळ्याच ठिकाणी. एकाच ठिकाणी अडलं असतं तर माणसाला धीर येतो. हे असं, की आत कुणीतरी बसून मनाला येईल तेव्हा दार लावतंय.

"आधी मालक," आक्का कुणाकडंही न बघता म्हणाल्या. "मग करवत. आणि आता हे."

"आई, गप की," उदय म्हणाला.

"मी काय बोलले? मी मोजतीया फक्त."

मेघानं हातातलं ताट खाली ठेवलं. तिच्या बोटांना अजून कुंकू होतं, आणि ती ते पदराला पुसत राहिली.

मशीन पुन्हा पेठेत आलं. तीन दिवस भाईंच्या टेबलावर उघडं पडून होतं. गल्लीत जो तो येऊन निदान करून जायचा. कुंकवातलं शिसं म्हणे. कुंकवातलं लोखंड म्हणे. चहावाला म्हणाला, लिंबू ओवाळा. मशीनमध्ये रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, पट्ट्या बसवायला चार स्लॉट होते. भाईंनी एकेक पट्टी घेऊन एकेका स्लॉटात लावून पाहिली. दोन स्लॉटांत मशीन नीट चालायचं. उरलेल्या दोहोंत मरायचं. आणि कुंकू सांडलं होतं ते नेमकं त्या दोहोंतच.

तिसऱ्या दिवशी उदयचा फोन आला. भाईंनी तो स्पीकरवर ठेवला, कारण फोन कानाशी धरला की तो हलायचा.

"चाचा, दोन स्लॉट चालत्यात न्हवं? मग तेवढ्यावर चालवूया की. कुंकवानं गेलं ते गेलं. तुमी काय करणार त्याला?"

"मेघा काय म्हणती?"

"ती काय म्हणणार. आई म्हणती, मशीन मी वापरावं. तिनं हात लावायचा न्हाय."

भाईंनी फोन ठेवला. पंखा बंद केला. मी न बोलावता आत गेलो, आणि त्यांनी मला हाकललं नाही. डाव्या हातानं खटका उचलून त्यांनी प्रोसेसर काढला, डोळ्यात भिंग बसवलं आणि खोबणीवर वाकले. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी भिंग माझ्या हातात दिलं.

"बघ."

मैदानावर सगळी गॅलरी गोलकडं बघत असावी आणि त्यात एकच माणूस पाठ फिरवून बसलेला दिसावा, तशी ती दिसली. कडेच्या रांगेत, एकच.

"त्या दोन स्लॉटांची वाट हिच्यातनं जाती. त्या दिवशी कोपरा घसरलाता," भाई म्हणाले. "मला कळलंतं. मशीन लागलं म्हणून मी म्हणालो, चालतंय."

जे कुणीही बोललं असतं तेच बोललो. "भाई, हे तुम्हाला आणि मला ठाऊक. दोन स्लॉटवर मशीन चालतंय, उदयची तक्रार नाही. झाकण लावून टाका."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्या मेकॅनिकच्या दारात उभे असताना पाहत होते तसं. मी भिंग टेबलावर ठेवलं आणि स्कूटरची किल्ली काढली.

वर्कशॉपात आक्का खुर्चीवर बसल्या होत्या. मेघा कोपऱ्यात कागदावर पेन्सिलीनं ड्रॉइंग करत होती. आम्ही आल्यावर उठून उभी राहिली. भाईंनी बरोबर आणलेलं मशीन खाली ठेवलं आणि त्यातला, प्रोसेसरची खोबणी असलेला, मदरबोर्ड टेबलावर ठेवला.

"आक्का, कुंकवानं झालं न्हाय हे. माझ्या हातनं झालंय."

"तिची बाजू घेतासा व्हय चाचा? तुमचं मन चांगलं हाय, मला ठावं हाय."

"मन चुलीत घाला. हिकडं बघा." त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि टेबलावर ठेवला.

हात ठेवल्या ठेवल्या हलायला लागला. टेबलावरचा एक सुटा स्क्रू त्या कंपानं बारीक वाजत होता. रंधा मारणारे दोघं कारागीर थांबले. उदयनं मान दुसरीकडं वळवली.

आक्कांनी मात्र वळवली नाही. "वारं हाय काय हातात?"

"काय हाय ते डॉक्टरला ठावं. वरीस झालं. मी कुणाला सांगितलं न्हाय, आणि ह्या हातानं मशीनं जोडत बसलो." त्यांनी भिंग आक्कांकडं सरकवलं. "ह्या पिनांवर लोखंडी झाकण असतंय. तुमच्याकडं मशीन आलं तवा ते लावल्यालं हुतं. कुंकू झाकणाखाली जाऊन पीन वाकवंल व्हय? बघा तुमीच. तुमी मालकांबरोबर तीस वर्सं पॅटर्न तपासल्यात."

आक्कांनी भिंग घेतलं. त्या वाकल्या, सरकल्या, उजेडाच्या बाजूनं पुन्हा वाकल्या. मला वाटलं, आता ही बाई म्हणणार की मला काही दिसत नाही. म्हणायला काय लागत होतं?

"वरनं घासून गेल्यागत दिसतंय," त्या शेवटी म्हणाल्या. भिंग खाली ठेवताना त्यांनी मेघाकडं पाहिलं नाही.

"मेघा," भाई म्हणाले, "तुझी ती पेन्सिल आण. शिस काढून टाक."

ड्रॉइंगची पेन्सिल, खटका दाबला की बारीक शिस पुढं येतं तसली. शिस काढलं की टोकाला पोकळ नळी उरते. त्या नळीत पीन धरून सरळ करायची होती. जास्त जोर लागला की तुटणार, आणि तुटली की बोर्ड कायमचा गेला. मेघानं पेन्सिल परत टेबलावर ठेवली.

"चाचा, माझ्या हातानं नको. तुटली तर..."

पुढचं तिनं बोलायची गरज नव्हती. खुर्चीवर बसलेल्या बाईंनी पुढचा आकडा आधीच तयार ठेवला असता.

"तुटली तर मी तोडली," भाई म्हणाले. "समद्यांनी ऐकलं? मी तोडली. आता भिंग लाव. श्वास रोखू नगंस, रोखला की हात कापतोय. सोडत सोडत जा."

ती वाकली. भाई तिच्या शेजारी उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागं धरून, आणि बोलत राहिले. घातलीस नळीत? न्हाय, ती शेजारची हाय. हां, ही. आता उचलायची न्हाय, नुसती वळवायची. थांब. पुन्हा. कपाळावरचा घाम तिच्या नाकावर आला, तो उदयनं आपल्या रुमालानं टिपला. मी माझ्या डाव्या हाताचं बोट दातात धरलं होतं, हे मला नंतर वळ बघून कळलं.

"झाली वाटतं," ती म्हणाली.

"वाटतं म्हणू नगंस."

तिनं पुन्हा पाहिलं. "झाली."

प्रोसेसरही तिनंच ठेवला. झाकण तिनंच लावलं. चारही पट्ट्या चारही स्लॉटांत गेल्या. पेनड्राइव्ह लागला. आकडा सुरू झाला. नऊ गेला. तेवीसला तो जरा रेंगाळला तेव्हा कुणीतरी देवाचं नाव घेतलं. एकसष्ट गेला. शंभर झाले, मशीन बंद पडलं, आणि बंदच राहिलं. काळा पडदा. आक्कांची खुर्ची करकरली.

"आपणहून हुतंय चालू," भाई म्हणाले. "वाट बघा."

पडद्यावर उजेड आला. मशीन वापरणाऱ्याचं नाव विचारत होतं. उदयनं कीबोर्ड पुढं ओढला, थांबला, आणि आईकडं पाहिलं. आक्का पदरानं भिंग पुसत होत्या. खूप पुसून झाल्यावर म्हणाल्या, "माझ्याकडं काय बघतोस? जिचं हाय तिला बसू दे की."

मेघानं आपलं नाव टाकलं. पेढे आणायला कुणी गेलं नाही. आनंद झाला, असंही म्हणता येणार नाही. सगळ्यांचं लक्ष टेबलाकडं होतं. तिथं भाई आपली हत्यारं एकेक करून मेघापुढं ठेवत होते. छोटा स्क्रूड्रायव्हर, मोठा, चिमटा, ब्रश.

"हे कशाला चाचा?"

"ठेव. लागतील."

स्क्रूड्रायव्हर खाली ठेवीन, असं भाई गल्लीत बोलले होते, ते ऐकलेला तिथं मी एकटाच होतो.

बाहेर आलो. हायवेवर पोलीस असतात म्हणून मी त्यांच्यासाठीही हेल्मेट आणलं होतं. मी स्कूटर सुरू करून बसलो. ते मागं बसले, पण हेल्मेटच्या पट्ट्याचा खटका त्यांना लागेना. एकदा, दोनदा, पाचदा. मेघा धावत आली. तिनं काही न विचारता पट्टा लावला. भाईंनी हनुवटी वर केली होती आणि हात मांड्यांवर सोडून दिले होते.

शिरोली नाक्याला लाल दिवा होता. मी गाडी बंद केली. आरशात ते मला दिसत होते, आणि त्यांचा हात दिसत होता. मी पटकन नजर काढून घेतली.

"बघ की," ते मागून म्हणाले. "आता बघ. लपवून लपवून दमलो मी."

मी आरशात पाहत राहिलो. दिवा हिरवा झाला तरी, मागचे सगळे हॉर्न मारायला लागले तरी.